बारा नंबरचे साडेचार फूट

माणूस स्वतःची जागा मोजायला बोलावतो तेव्हा त्याला मोजणी नको असते. शेजारी चुकला आहे, एवढंच त्याला ऐकायचं असतं. तीस वर्षं मी पनवेलात आणि आसपासच्या गावांत लोकांच्या जागा मोजल्या. त्यात मोजणीचा आकडा ऐकून 'बरं झालं, खरं काय ते कळलं' असं म्हणणारा माणूस मला एकदाच भेटला, आणि तो ठार बहिरा होता.

एक व्यापारी होते. वर्षातून तीनदा दुकानाचा दर्शनी भाग मोजून घ्यायचे. दर वेळी तोच आकडा. चौथ्या खेपेला मी म्हटलं, "शेठ, भिंती काही वाढत नाहीत." ते म्हणाले, "वाढत नाहीत हो, पण शेजाऱ्याला दिसतं ना, आपण मोजतोय ते!" दोन सख्ख्या भावांनी घराची वाटणी करायला बोलावलं, तेव्हा माझी रेघ बरोबर ओटीवरच्या झोपाळ्याखालून गेली. दोन कड्या थोरल्याकडे, दोन धाकट्याकडे. भिंत घालायची तर झोपाळा काढायला हवा, आणि तो काढायला दोघेही तयार नव्हते. शेवटी ओटी तशीच ठेवली. भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण दुपारी दोघी जावा त्याच झोपाळ्यावर बसून तांदूळ निवडायच्या. अशा गोष्टी सांगायला लागलो तर मासिकाचा अख्खा अंक पुरायचा नाही. मी इथे एकच सांगणार आहे, आणि ती गमतीची नाही.

आधी आमच्या धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जुनी मोजणी लोखंडी साखळीने व्हायची. साखळी तेहतीस फूट लांब. तिचे सोळा आणे, प्रत्येक आण्यावर पितळी खूण. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा; असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इतकं साधं. पण साखळी लोखंडाची असली तरी ती अंगाने वाढते. दुवे झिजतात, कड्या उघडतात, कोणी वरून बैलगाडी नेतो. म्हणून कचेरीच्या आवारात दोन दगड पुरलेले असत, बरोबर तेहतीस फुटांवर. दर सोमवारी मोजणीदाराने आपली साखळी त्या दगडांवर ताणून पाहायची, वाढली असेल तर दुवे ठोकून जाग्यावर आणायची. सरकारी नोकरीत होतो तोवर मी हे इमानाने केलं. पुढे बदल्यांना कंटाळून राजीनामा दिला आणि स्वतःची साखळी घेऊन खासगी कामं करू लागलो. जुन्या सहकाऱ्यांसमोर त्या दगडांवर वाकायला मला कमीपणा वाटू लागला. एवढीच माझी चूक. बाकी सगळं तिच्यातूनच निघालं.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. कूळकायद्याने जमीनमालक धास्तावले होते. कसणाऱ्याच्या नावावर जाण्याआधी जमीन विकून मोकळं व्हायचं, अशी घाई सगळीकडे होती. गावाबाहेर, पुण्याच्या रस्त्याला लागून दामूअण्णांचं एक भातशेत होतं. रस्त्यापासून खाडीच्या बाजूला उतरत जाणारं, लांबट. सरकारी नकाशावर त्याची लांबी बारा साखळ्या. अण्णांनी त्याचे एकेक गुंठ्याचे बारा प्लॉट पाडून विकायला काढले. बिनशेतीची परवानगी नाही, नोंदणी नाही. साध्या कागदावर 'अमुक नंबरचा प्लॉट, एक गुंठा' एवढं लिहून खाली सही. सातबारावर अण्णांचंच नाव राहणार. घेणारे तरी कोण? मिठागरावरचे मजूर, शिंपी, गाड्यांची चाकं करणारा विठोबा सुतार, बोटीवरच्या बॉयलरसमोर वीस वर्षं काढून परतलेले इब्राहिमचाचा. या माणसांना गावात कायद्याची जागा परवडणारी नव्हती. कायद्याची नसलेली तरी आपली असावी, एवढीच त्यांची इच्छा.

अशा जागेवर सरकारी मोजणीदार येत नाही. म्हणून मी. त्या आळीत कायदा म्हणजे माझ्या चुन्याच्या रेघा आणि माझ्या खुंट्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. लोक सकाळी माझ्यासाठी चहा आणून ठेवायचे आणि रेघेवर पाय पडू नये म्हणून पोरांना हाकलायचे.

भात कापून झालं होतं, माघाचे दिवस होते. कुठला प्लॉट कोणाला हे ठरवायला आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. रस्त्याकडचा सगळ्यांना हवा, खाडीकडचा कोणालाच नको. मग चिठ्ठीसारखा न्याय नाही. दोन ते बारा अशा अकरा चिठ्ठ्या एका तांब्यात घातल्या. एक नंबरची चिठ्ठी नव्हती. रस्त्याला लागून असलेला तो प्लॉट अण्णांनी मजुरीच्या बदल्यात मला द्यायचा, असं आमचं आधीच ठरलं होतं.

तांब्याभोवती माणसं गोळा झाली तशी एक बाई पुढे आली. चांगुणाबाई. उलव्याकडची, आगरी. चाळिशीच्या आसपासची असेल. नवरा गेलेला, दोन मुली, आणि डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून ताठ झालेली मान. तिने तांब्यात डोकावून विचारलं, "यक नंबर कवा निंगनार?"

अण्णा म्हणाले, "तो सर्व्हेअरांचा. त्यांची मजुरी."

"आमच्या गावान वाटे पाडनारा शेवटी उचलतो," ती म्हणाली. "भाव भावांत थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकल्यानं पयला उचलायचा. मंग थोरला बरोबर पाडतो."

लोक हसले. मीही हसलो. अण्णांनी "बाई, हे काही भाताचे वाटे नव्हेत" म्हणून तिला गप्प केलं. तिने हात घातला आणि बारा नंबर काढला. खाडीकडचा, शेवटचा, गोविंदशेटच्या शेताच्या बांधाला टेकलेला. तिने चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि पदराला बांधली. "असो," म्हणाली. "वारा येल."

मग मी प्लॉट पाडायला घेतले. रस्त्यापासून सुरुवात केली, एक साखळी, खुंटी. एक साखळी, खुंटी. अकराव्या खुंटीपर्यंत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. समोर बांध दिसत होता. नकाशावर बारा साखळ्या आहेत, अकरा मोजून झाल्या, उरली ती बारावी. ती मी मोजलीच नाही. धंद्यातला कोणीही सांगेल, शेवटचं माप सोडायचं नसतं, कारण सगळ्या चुका जाऊन तिथेच बसतात. हे मला कोणाहून जास्त माहीत होतं. मी साखळी गुंडाळली आणि घरी जाऊन जेवलो.

वैशाखापर्यंत आळीत जोती उठली. कुडाच्या भिंती, काहींचे वासेही चढले. चांगुणाबाई मिठागराचं काम सुटल्यावर येताना खाणीवरचे टाकाऊ दगड डोक्यावरून आणायची. तिच्याकडे मोजायला काही नव्हतं, म्हणून विठोबा सुताराने आपल्या फूटपट्टीवर मोजून काथ्याच्या दोरीला तेहतीस फुटांवर गाठ मारून दिली. तिने अकराव्या खुंटीपासून दोरी ताणली आणि गाठ पडली तिथे आपली बाजूची भिंत घेतली. जोतं दगडाचं, वर कंबरेएवढी भिंत. पाऊस यायच्या आत कौलं चढवायची होती. भाड्याची खोली ती ज्येष्ठात सोडणार होती.

एके सकाळी गोविंदशेट माझ्याकडे आले. वाईट माणूस नव्हता. "अहो, त्या बाईने माझ्या बांधात पाया खणलाय," ते म्हणाले. "भरतीचं पाणी तोच बांध अडवतो. उद्या तो फुटला तर माझ्या शेतात खारं पाणी. तीन वर्षं भात होणार नाही. तुम्ही येऊन सांगा तिला, नाहीतर मी माणसं घालून भिंत काढतो."

ते गेल्यावर मी साखळी घेतली आणि कचेरीत गेलो. दुपारची वेळ, आवारात कोणी नव्हतं. दोन दगडांवर साखळी ताणली. पाच इंच जास्त. पुन्हा ताणली, तरी पाच इंच. गणित करायला कागद लागला नाही. रस्त्यापासूनच्या अकरा जणांना मी प्रत्येकी पाच इंच जास्त दिले होते. ते पंचावन्न इंच, साडेचार फुटांहून वर, बारा नंबरमधून गेले होते. चांगुणाबाईची दोरी बरोबर होती. तिची भिंतही बरोबर होती. फक्त तिच्याखाली जमीन नव्हती.

रात्री जेवताना मी आमच्या सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगा ना मग सगळ्यांना." मी म्हटलं, "सांगून काय करू? खुंट्या सरकवायच्या तर दुसऱ्या प्लॉटची पाच इंच सरकेल, तिसऱ्याची दहा, आणि अकराव्यातल्या इब्राहिमचाचांचं अख्खं घर चार फूट हलवावं लागेल. जो तो फक्त पाच इंचच परत देणार, पण घर मात्र मोडणार." त्यांनी माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाल्या, "आपला एक नंबर अजून रिकामा आहे." मी म्हटलं, "तो रस्त्यावरचा आहे." विषय तिथेच राहिला. आमच्या दोघांच्याही मनात तिथे एक दुकान उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी आळी बारा नंबरवर जमली. एका बाजूला गोविंदशेट, दुसऱ्या बाजूला भिंतीला हात लावून उभी चांगुणाबाई. मी साखळी खांद्यावर टाकून गेलो होतो.

"दादा, तू सांग," ती म्हणाली. "खुंटीपास्ना तेत्तीस फूट हाय का नाय? विठोबानं मापून दिलाय."

विठोबा म्हणाला, "माझी पट्टी पक्की आहे. चाकाचं माप तिच्यावर करतो मी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्या हातातून दोरी घेतली. बोटांनी चाचपली. आणि म्हणालो, "काथ्याची दोरी ताण दिला की वाढते. दोरीच्या मापावर जागा धरता येत नाही. बांध ही हद्द. भिंत आत घ्यावी लागेल."

'मोजून दाखवा' असं कोणी म्हटलं नाही. मोजणीदाराला तसं कोणी म्हणत नाही. गोविंदशेटनी नमस्कार केला. विठोबाने तोंड फिरवलं. चांगुणाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. "बरा," म्हणाली. "माझी मीच काढतंय. तुमची मानसं नको."

तिने दोन दिवसांत भिंत उतरवली. एकेक दगड धुऊन बाजूला रचला, म्हणजे तोच परत वापरता येईल. मी त्या बाजूला गेलो नाही. हे सगळं मला इब्राहिमचाचांनी सांगितलं. साडेचार फूट आत घेतलेली भिंत बांधाला टेकली; तिकडे पागोळ्या सोडल्या तर बांध खचेल, म्हणून छपराचं सगळं पाणी चाचांच्या बाजूला वळवायचं, आणि तेवढी जागा तिच्याकडे उरेना. आमच्याकडे प्रत्येक जण पागोळ्यांसाठी घराच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट सोडतो. शेजाऱ्याच्या जागेत पागोळ्या पडल्या की पिढ्यान्‌पिढ्या भांडणं होतात. चाचा तिला म्हणाले, "बहन, तुझ्या पागोळ्या माझ्याकडे सोड. पानीच हाय, जहर नाय." म्हणजे ज्या माणसाकडे तिची जागा न कळता गेली होती, त्याने आपली जागा कळून तिला दिली. हे ऐकून मला इतकी लाज वाटली की चहाचा कप तसाच ठेवून मी उठलो.

पुढच्या सोमवारपासून मी कचेरीतल्या दगडांवर साखळी ताणून पाहू लागलो. एकही सोमवार चुकवला नाही. गावात माझी ख्याती झाली, हा माणूस इंचाचा पक्का. लोक दुरून बोलावू लागले. एक नंबरवर मी घर बांधलं, पुढे ओटीवर वह्या-पाट्यांचं छोटं दुकान काढलं. चांगुणाबाई रोज पहाटे कामाला जाताना आणि दिवेलागणीला परतताना माझ्या दारावरून जायची. "काय दादा," म्हणायची. मी म्हणायचो, "काय बाई." यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. तिच्या धाकटीच्या लग्नात मी अक्षता टाकायला गेलो होतो. मांडव गल्लीत घातला होता, कारण घरापुढे जागा नव्हती.

साताठ वर्षांनी आमची आळी गावाच्या हद्दीत धरायचं ठरलं. घरपट्टी लावायची, नळ द्यायचा, घरं ज्याच्या त्याच्या नावावर चढवायची. आळीत पेढे वाटले गेले. मोजणीला एक तरुण सर्व्हेअर आला, पोलादी टेप घेऊन. तोवर मीटर आले होते, पण टेपच्या एका बाजूला फूट-इंच होते आणि लोकांच्या आग्रहावरून तो तेही वाचून दाखवत होता. पंचनामा लिहायला त्याने मलाच बसवलं. सगळ्यांची नावं मला पाठ होती आणि अक्षर बरं.

"एक नंबर, तेहतीस फूट पाच इंच." मी लिहिलं. "दोन नंबर, तेहतीस पाच." लिहिलं. "तीन, तेहतीस पाच." चौथ्याला त्याने टेप पुन्हा लावून पाहिला. सहाव्याला तो आकडा सांगून माझ्याकडे बघू लागला. अकरावा मोजून तो उठला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, इथली साखळी कोणाची होती?"

धंद्यातला माणूस होता. सगळ्या घरांत सारखेच पाच इंच जास्त निघाले की ते कशामुळे, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पण तो कितीही हळू बोलला तरी सगळे ऐकत होते. मी पेन खाली ठेवलं.

"माझी," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. साखळी वाढली होती. शेवटचं माप मी घेतलं नव्हतं. इथल्या अकरा जणांकडे, त्यात मीही आलो, प्रत्येकी पाच इंच आहेत, ते सगळे बारा नंबरचे. विठोबाची पट्टी खरी होती, दोरी खरी होती. आणि हे मला आज कळलेलं नाही. भिंत काढायला सांगितली त्याच्या आदल्या दिवशीच कळलं होतं.

विठोबा म्हातारा झाला होता. तो खांबाला टेकून खाली बसला. इब्राहिमचाचा आपल्या भिंतीकडे पाहत राहिले. चांगुणाबाई आपल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे जाऊन म्हणालो, "बाई, एक नंबर तू घे. मी बारात राहतो."

"आता कनाला?" ती म्हणाली. "पोरींची लग्नं ह्या घरान झाली. मना हितलीच सवय हाय."

"तुला मी फसवलं, बाई."

"मना म्हाईत व्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय माहीत होतं?"

"त्या दिशी तू साखली खांद्याव घेऊन आलास, पन खाली उतरवली नाय. जो मानूस बोटभर जागेसाठी साखली टाकतो, तो त्या दिशी दोरी चाचपित बसला. तवाच समजला, तुला म्हाईत हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? ह्या अकरा घरांची जोती हलली असती. चाचाचा त पूर्ण घर. माझी यक भिंत हलवली." तिने चाचांकडे पाहिलं. "पन तू बोलायला पायजे व्हतंस, दादा. भिंत गेली त्याचा काय नाय. मी दोरी वढून जागा खाल्ली, असा लोक साताठ वरसं बोलले. माझ्या पोरींच्या सासरपरत गेला तो."

हे मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं तिचं साडेचार फूट जमिनीचं नुकसान झालं, एवढंच मी समजत होतो. तिच्या नावावर चोरी लागली होती, आणि ती मी लावली होती.

तरुण सर्व्हेअरने बारा नंबर मोजला. अठ्ठावीस फूट पाच इंच. मी लिहिलं. खाली माझ्या हातून एक वाक्य जास्त लिहिलं गेलं. त्याने कागद वाचला आणि अवघडून म्हणाला, "काका, हे इथे चालणार नाही. जागेवर आज जे आहे तेवढंच लिहायचं. यासाठी रकाना नाही." त्याने सांभाळून त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. चांगुणाबाईने अंगठा दिला, पंच म्हणून मी सही केली, आणि माझी चूक त्या दिवसापासून सरकारी झाली.

आळीतल्या बारा जणांनी ते ऐकलं, पण तिच्या मुली दूर गावी नांदतात. त्यांच्या सासरी हा अंक जातो, असं कळलं. म्हणून रेघ मारलेलं ते वाक्य इथे पुन्हा लिहितो: बारा नंबरची जागा कमी भरली ती चांगुणाबाईच्या दोरीमुळे नव्हे, माझ्या साखळीमुळे, तिने कोणाची बोटभरही जागा घेतलेली नाही, आणि हे मला तिची भिंत पडायच्या आधी माहीत होतं.